कागदावर दोन, नळीत पाच

या अंकाचं काम बघणारे गृहस्थ मला म्हणाले, "दवाखान्यातले किस्से लिहा. तुम्ही सांगता तेव्हा आम्ही हसून लोळतो." किस्से आहेत माझ्याकडे. पण लिहायला बसलो की एकच गोष्ट पुढे येऊन उभी राहते आणि बाकीच्यांना वाट देत नाही. तेव्हा तीच सांगतो. किस्से उरलेल्या जागेत बसले तर बसले.

बोईसरला मुलांच्या एका खाजगी दवाखान्यात मी एकवीस वर्षं नोकरी केली. डॉक्टर नव्हतो, कंपाउंडरही नव्हतो. आधी औद्योगिक वसाहतीत फिटर होतो. तो कारखाना बंद पडला. त्याच सुमारास डॉक्टरांनी मला जनरेटर दुरुस्त करायला बोलावलं आणि ठेवूनच घेतलं. जनरेटर, पाण्याचा पंप, ऑक्सिजनचे सिलिंडर आणि पेट्या, हे माझं खातं. तारापूरला वीज तयार होते आणि बोईसरला जाते, हा आमच्याकडचा जुना विनोद. मी तो हजारदा केला असेल, कारण माझी नोकरीच त्या विनोदावर चालत होती.

पेटी म्हणजे अपुऱ्या दिवसांच्या बाळाला ठेवायची काचेची पेटी. आत ऊब असते, बाजूला हात घालण्यापुरत्या गोल खिडक्या असतात. ऐंशीच्या दशकात आमच्याकडे अशा दोन पेट्या होत्या आणि त्या आहेत म्हणून पालघरपासून डहाणूपर्यंतची बाळं आमच्याकडे यायची. खोलीत आईबापांना प्रवेश नव्हता. बाहेर व्हरांड्यात बाक, बाकासमोर एक मोठी काच आणि काचेपलीकडे पेट्या. बाळ कापसात गुंडाळलेलं, नाकात दुधाची नळी, डोक्यावर ऑक्सिजनचं पारदर्शक झाकण. आईला बाळाचं म्हणावं असं काहीच धड दिसायचं नाही. दिसायची फक्त बाटली.

ती बाटली समजावून सांगायला हवी. सिलिंडरमधून येणारा ऑक्सिजन कोरडा असतो, म्हणून तो पाण्याच्या बाटलीतून सोडतात. तो पाण्यातून जाताना बुडबुडे येतात. बाटलीच्या वर काचेची उभी नळी असते आणि तिच्यात एक गोळी तरंगते. गोळी जिथे थांबेल तो आकडा, म्हणजे मिनिटाला इतके लिटर. नॉब फिरवला की गोळी वर चढते आणि खाली बुडबुडे वाढतात. एवढंच तंत्र. पण बाहेर बसलेल्या माणसाला ते बुडबुडे म्हणजेच बाळाचा श्वास वाटायचा.

माणसं नाना तऱ्हेची. कारखान्यात कामाला असलेला एक बाप रोज विचारायचा, "भाईसाब, सिलिंडर नया है ना? पुराना मत लगाना." सिलिंडर जुनाच असतो, आतला वायू नवा असतो, हे सांगून मी थकलो. शेवटी अंगणात नेऊन एका रिकाम्या सिलिंडरला रंगाचा हात मारला आणि तो भरून आल्यावर त्याच्या मुलाला लावला. तो खूश. उमरोळीची एक आजी पेटीला हळदकुंकू लावायला आली. सिस्टरने अडवलं, तर आजी म्हणाली, "आत कुटं लावते? भायेरनं लावते. तुजी पेटी बाटते का काय?" ती पेटी पुढे महिनाभर कुंकवाचा डाग घेऊन उभी होती आणि डॉक्टरांनीही तो पुसू दिला नाही.

आता नर्मदा.

तिचं माहेर माहीम, म्हणजे आपलं पालघरजवळचं माहीम, आणि सासर मुरबे. दोन्हीकडे कोळी. पहिलटकरीण, जेमतेम वीस वर्षांची. माहेरी असताना सातव्या महिन्यातच पालघरला बाळंत झाली. मुलगी सव्वा किलोची. तिला कपड्यात गुंडाळून, जीपमध्ये घालून त्याच दुपारी बोईसरला आणली. आई मागे पालघरलाच राहिली. दुसऱ्या दिवशी नर्मदा सासूबरोबर आली ती भिंतीला धरून चालत. बाकावर बसली, काचेतून बराच वेळ बघितलं आणि मला म्हणाली, "दादा, यातली माजी कोनती?"

मी बोट दाखवलं.

"नक्की ना? पायाला पट्टी हाय, नाव हाय, ते बरोबर. पन मी तिला बघितलीच नाय. झाली तशी नेली. हे लोक सांगतात तुजी हाय, म्हनून माजी."

मी काहीतरी बोललो असेन. काय ते आठवत नाही.

त्यानंतर ती रोज सकाळच्या एसटीने मुरब्याहून यायची आणि संध्याकाळच्या एसटीने परत जायची. बाळंतिणीने असं फिरावं हे सासूला पटत नव्हतं. ती बाकावर बसून पदराने वारा घेत म्हणायची, "आमी पोरं काडली ती अंधाऱ्या खोलीत काडली. ही बाळंतीन पास काडून फिरते." नवरा बोटीवर. एकदा येऊन गेला, काचेपाशी उभा राहिला आणि मला हळूच विचारलं, "वाढंल ना?" उत्तर मिळण्याच्या आत गेला.

मी व्हरांड्याच्या टोकाला दोरीवर चादर टाकून आडोसा करून दिला होता. तिथे बसून नर्मदा वाटीत दूध काढायची. पहिल्या दिवशी वाटीचा तळ भिजला इतकंच. ती वाटी तिने मला दिली आणि पुन्हा मागितली. "नको दादा, द्या परत. येवडुसं कसं देऊ? लाज वाटते."

मी म्हटलं, "तिचं पोट केवढं? दोन चमचे लागतात तिला."

"दोन चमचे?" तिला खरंच वाटेना. मग हसली. "म्हंजे मी पुरते तिला?"

तेव्हा मी पहिल्यांदा तिला हसताना पाहिलं. पुढे ती बोलायला लागली. "गावात बाया विचारतात, पोर कुटं हाय? मी सांगते, बोईसरला. जशी काय कंपनीत कामाला लागली." आणि थोड्या वेळाने, तोच विषय असल्यासारखं, "दादा, मी बाळंतीन हाय का नाय? पोटात नाय, मांडीवर पन नाय. मंग हाय कुटं?"

मी दोरीवरची चादर सारखी केली. मी फिटर माणूस.

चौथा दिवस असेल. शेजारच्या पेटीत एका परप्रांतीय कामगाराचा मुलगा होता. तो पूर्ण दिवसांचा होता, पण जन्मताना घाण पाणी पोटात आणि छातीत गेलेलं, म्हणून त्याला डॉक्टरांनी पाच लिटर ऑक्सिजन लावला होता. नर्मदेच्या मुलीला दोन. साहजिकच त्याच्या बाटलीत पाणी खळाखळा उकळल्यासारखं दिसे आणि हिच्या बाटलीत एकेक बुडबुडा वर येई. नर्मदा दिवसभर त्या दोन बाटल्यांकडे बघत बसलेली. मी सिलिंडर बदलून बाहेर आलो तशी उठली.

"दादा, एक विचारू? रागावनार नाय ना?"

"विचार की."

"त्या पोराला येवडे बुडबुडे, आन माज्या पोरीला येवडेच. पोरगी हाय म्हनून?"

"अगं, असं कुठं असतं का? डॉक्टर सांगतात तेवढंच लावायचं."

"डॉक्टर पन मानूसच ना," ती म्हणाली. "आमच्यात पोरगी झाली तर नाळ पुरायला पन कोन घाई करत नाय. तुमी थोडा जास्त सोडा. मी कोनाला बोलनार नाय. थोडाच."

मला दोन मुली. दुसरी झाली तेव्हा आमच्या घरातून कुणालाही काही गोडधोड वाटलं गेलं नाही. हे नर्मदेला माहीत असण्याचं कारण नव्हतं. पण तिचा प्रश्न मला बरोबर तिथेच लागला. मी आत गेलो आणि नॉब फिरवला. गोळी पाचावर नेली. बाहेर बघितलं तर नर्मदा काचेला कपाळ टेकून उभी, दोन्ही बाटल्या आळीपाळीने बघत होती. दोन्ही सारख्या खळखळत होत्या. ती बाकावर बसली आणि पहिल्यांदाच डबा उघडून जेवली.

इथेच थांबलो असतो तर एका दिवसाची चूक झाली असती. पण मी थांबलो नाही. डॉक्टर सकाळी आणि संध्याकाळी राउंडला येत, मधल्या वेळात ते पालघरच्या दवाखान्यात असत. त्यांची गाडी फाटकात आली की मी गोळी दोनावर आणायचो. ते गेले की परत पाचावर. सिस्टर एकटी, तिच्यामागे बाळांचं दूध, औषधं, वजनं. ऑक्सिजनकडे बघणारा मीच, आणि तासातासाला कागदावर आकडा लिहिणाराही मीच. मी दोन लिहीत गेलो. सरळ, सुबक अक्षरात दोन. माझं अक्षर चांगलं होतं, डॉक्टर त्याचं कौतुक करत.

तीन आठवडे हे चाललं.

मला फसवायचं होतं का? नाही. मी त्या वेळी ऑक्सिजनला हवा समजत होतो. हवा जास्त झाली म्हणून कुणाचं वाईट होतं का? उलट त्या बाळाचा श्वास सुरुवातीला मध्येच थांबायचा, पायाला टिचकी मारली की पुन्हा सुरू व्हायचा. पाच केल्यावर ते कमी झालं. रंगही सुधारला. ते माझ्यामुळे झालं, दिवस गेल्यामुळे झालं, की मला तसं वाटलं, हे मला आजही सांगता येत नाही.

नॉब फिरवला त्याच्या दुसऱ्याच दिवशी बाळाची पाचवी होती. त्या दिवशी सटवाई येऊन कपाळावर नशीब लिहिते. बाळ आईजवळ हवं, पूजा हवी, मग काजळ. सासूने घरी तुपाच्या दिव्यावर काजळ धरून एका डबीत आणलं होतं. सिस्टरच्या पाया पडायचंच तिने बाकी ठेवलं. "देवी इकडं कशी येनार? तिला पत्ता कोन देनार?" सिस्टर कडक होती, पण तिलाही आई होती. म्हणाली, "दोन मिनिटं. फक्त आई. हात साबणाने धुवून. आणि लांबून हात जोडायचे, बस."

नर्मदा आत गेली. गोल खिडकीतून हात घालून तिने मुलीला पहिल्यांदा शिवलं. मी दाराशी होतो. तिने बोट तिच्या गालावरून, कानावरून फिरवलं, आणि फिरवता फिरवता दोन्ही डोळ्यांत काजळ घातलं. सिस्टर ओरडली. उकळलेल्या पाण्यात कापूस बुडवून तिने लगेच ते पुसलं. डोळे दोन दिवस लाल राहिले, मग बरे झाले. नर्मदेला त्यानंतर आत सोडलं नाही.

महिन्याभराने बाळ घरी गेलं. नाव ठेवलं रेश्मा. जाताना सासूने डॉक्टरांना, सिस्टरला आणि मला सुक्या बोंबलांचा एकेक वाटा दिला. मी तो घरी नेला आणि अभिमानाने खाल्ला.

चार महिन्यांनी ती परत आली. मुलगी अंगाने भरलेली, आवाजाकडे मान वळवायची, पण डोळे कशावरच थांबत नव्हते. डॉक्टरांनी माझ्या हातातली बॅटरी घेतली, दोन्ही डोळ्यांत टाकली, बराच वेळ बघितलं. मग जुने कागद मागवले. एकेक पान उलटत गेले आणि मला विचारलं, "ऑक्सिजन दोनच होता ना रे, सगळे दिवस?"

मी म्हटलं, "होय. दोनच."

ते का विचारतात, हे मला कळलं नव्हतं. मला वाटलं, माझी शिस्त तपासतायत. नोकरी जाईल या भीतीने मी होय म्हटलं. त्यांनी कागद बाजूला ठेवला आणि नर्मदेला विचारलं, "डोळ्यांत काही घातलं होतं का?"

ती म्हणाली, "काजळ."

डॉक्टर सरळ मनाचे होते. "त्यानेच झालं असं मी म्हणत नाही. पण जंतू जाऊ शकतात," असं ते बोलले आणि मुंबईच्या डोळ्यांच्या डॉक्टरांना चिठ्ठी दिली. पण सासू त्यातलं अर्धंच वाक्य घेऊन बाहेर पडली. व्हरांड्यातच तिचा आवाज चढला. "तुला बोलले हुते तळपायाला तीट लाव! डोळ्यांत घालायला कोनी सांगितलं?" तिने काय सांगितलं होतं ते मी पाचवीच्या दिवशी ऐकलं होतं. तिने डोळ्यांतच घाल म्हणून सांगितलं होतं. मी तेही बोललो नाही.

मुंबईहून येताना त्यांना कळलं ते इतकंच की डोळ्यामागचा पडदा सुटलाय आणि आता इलाज नाही. का सुटला, हे तिथे कुणी सांगितलं असेल तर ते यांच्यापर्यंत पोचलं नाही.

मला ते कळलं आठ-नऊ वर्षांनी. नव्वदच्या दशकात आमच्याकडे एक तरुण डॉक्टर आले. त्यांच्याबरोबर एक यंत्र आलं, बाळाच्या पायाच्या बोटाला चिमटा लावायचा की रक्तात ऑक्सिजन किती ते आकड्यात दिसे. ते मला म्हणाले, "काका, आता डोळे मिटून गॅस सोडायचा नाही. ऑक्सिजन हे औषध आहे. अपुऱ्या दिवसांच्या बाळाला जास्त दिला तर डोळ्यामागचा पडदा बिघडतो. मूल आंधळं होतं."

मी विचारलं, "काजळाने होतं का तसं?"

ते हसले. "काजळाने झालं असतं तर आपला अर्धा महाराष्ट्र काठी घेऊन फिरला असता."

मी तिथे उभाच होतो म्हणून त्यांनी विचारलं, काय झालं? मी सांगितलं, एक जुनी केस आठवली. पूर्ण नाही सांगितली, तोडून सांगितली. ते म्हणाले, "त्या काळी हे यंत्रच नव्हतं. कमी दिला असता तर ते बाळ कदाचित गेलंही असतं. कुणी सांगावं?"

हे वाक्य मी पुढे तीस वर्षं पांघरलं. कुणी सांगावं! खरंच कुणी सांगावं? ती जगली ती माझ्या पाचामुळे असेल. आंधळी झाली तीही त्याच पाचामुळे असेल. दोनावरही झाली असती, असंही असेल. मी जेवढा विचार करतो तेवढा गुंता वाढतो. पण एक गोष्ट गुंत्यातली नव्हती. काजळाने झालं नव्हतं. ते मला माहीत होतं आणि नर्मदेला माहीत नव्हतं.

मग का नाही गेलो? मुरबे बोईसरपासून किती लांब? पहिल्यांदा नोकरीची भीती. ती संपल्यावर दुसरं कारण सापडलं, आणि ते मला फार सभ्य वाटायचं. तिला सांगायचं तर पूर्ण सांगावं लागेल. जास्त सोडा असं तीच म्हणाली होती. म्हणजे मी तिच्या डोक्यावरचं एक ओझं उतरवायचं आणि त्याहून जड दुसरं ठेवायचं? त्यापेक्षा काजळ बरं, असं मी स्वतःला समजावत आलो. दोनदा मुरब्याच्या एसटीत बसलो आणि मध्येच उतरून परत आलो.

दोन वर्षांपूर्वी माझ्या नातीला आठव्या महिन्यात मुलगा झाला. मोठं हॉस्पिटल, बाळाभोवती यंत्रंच यंत्रं. आईला आता आत बसू देतात, बाळ छातीशी धरू देतात. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात डोळ्यांचे डॉक्टर येऊन बाळाचे डोळे तपासून गेले. नात म्हणाली, "आजोबा, एवढ्याशा बाळाचे डोळे कशाला तपासतात? तुम्ही तर पेट्यांचेच माणूस." मी तिला सगळं शास्त्र समजावून सांगितलं. ती म्हणाली, "बाई गं! आणि पूर्वी ज्यांचे तपासले नाहीत त्यांचं काय झालं?"

त्याच आठवड्यात मी मुरब्याला गेलो, आणि या वेळी शेवटच्या थांब्यापर्यंत बसून राहिलो.

नर्मदा आता साठीची. घराच्या ओट्यावर जाळ्याचा ढीग होता, त्यापलीकडे रेश्मा बसून सुकट निवडत होती. बोटांनी कचरा बाजूला होत होता, भरभर, बघणाऱ्या माणसालाही जमणार नाही असा. सासू केव्हाच गेली होती. नर्मदेने मला ओळखलं नाही. "पेटीच्या खोलीतला गॅसवाला," म्हटल्यावर ओळखलं आणि चटई टाकली.

मी सांगितलं. ऑक्सिजन जास्त दिला गेला, मी दिला, कागदावर कमी लिहिला, डॉक्टरांना खोटं सांगितलं. ती काय म्हणाली होती ते तेवढं वगळलं.

तिने जाळ्याचं टोक हातात घेतलं. मग म्हणाली, "मंग काजळानं नाय?"

"नाही."

"जराबी नाय?"

"नाही. काजळाचा काही संबंध नाही."

"तुमाला कदी कळलं?"

"रेश्मा आठ-नऊ वर्षांची असेल तेव्हा."

"आन आता ती केवडी हाय?"

रेश्मानेच सुपावरची मान न उचलता वय सांगितलं.

नर्मदा उठली. मला वाटलं चहा टाकायला आत जातेय. तिने पायात चपला घातल्या. "मला सांगून काय करू? मला एकटीला सांगायला आलात व्हय? चला तिकडं. बायांम्होरं बोला. बाजारात कोनाशी शब्दाला शब्द झाला की एकच बोलतात, तू गप बस, पोरीचे डोळे काजळ घालून घालवलेस. आन मी गप बसते. येवडी वरसं गप बसले."

किनाऱ्यालगत बोंबील वाळत घातले होते. पाच-सहा बाया ओल्या टोपल्यांपाशी बसल्या होत्या, त्यांत तिची थोरली जाऊ. रेश्मा नर्मदेच्या खांद्यावर हात ठेवून मागून आली. नर्मदा म्हणाली, "हे बोईसरचे दवाखान्यातले. आयका काय बोलतात."

आयुष्यात मी कधी भाषण केलं नाही. तिथे, माशांच्या वासात, उन्हात उभं राहून मी पुन्हा सगळं सांगितलं. बाटली, गोळी, दोन, पाच. बायांचे हात थांबले. जाऊ म्हणाली, "ते समजलं. पन डॉक्टरनं दोन सांगितला तर तुमी पाच कशापायी केलात? तुमाला कोनी सांगितलं?"

मी म्हटलं, "कुणी नाही. माझ्या मनाने केला."

"खोटं बोलतात," नर्मदा म्हणाली.

मी तिच्याकडे बघितलं. तिला आठवत होतं. सगळं आठवत होतं. घरात मी ते वगळलं तेव्हाही तिला कळलं होतं.

"मी सांगितलं," ती म्हणाली. बायांना नाही, मान वळवून रेश्माला. "बाजूला एक पोरगा हुता. त्याला जास्त दिसत हुतं, तुला कमी. मी बोलले, माज्या पोरीला पन तेवडंच द्या."

मग जावेने टोपली पुढे ओढली आणि म्हणाली, "मंग काय चुकलं? मी असते तर त्याच्यापरीस जास्त सोडायला लावलं असतं."

"तुजं तोंड हायच तसं," दुसरी म्हणाली, आणि दोघीतिघी हसल्या. नर्मदा हसली नाही.

रेश्माने मला विचारलं, "काका, दोनावर ठेवला असता तर मी जगले असते?"

"माहीत नाही, पोरी. खरंच माहीत नाही."

"दिसलं असतं?"

"तेही माहीत नाही."

"तुमाला काय माहीत हाय मंग?" ती रागाने म्हणाली नाही. तिला खरोखरच जाणून घ्यायचं होतं.

मला जे माहीत होतं ते मी सांगून चुकलो होतो.

मला रस्त्यापर्यंत सोडायला रेश्मा आली. गावातला रस्ता तिच्या पायाखालचा होता, काठीसुद्धा तिने घेतली नव्हती. कडेच्या दगडावरून मी धडपडलो तेव्हा मला तिनेच सावरलं. नर्मदा आली नाही. तिने मला ये म्हटलं नाही, जा म्हटलं नाही आणि चहाही विचारला नाही.

एसटीची वाट बघत उभे होतो तेवढ्यात किनाऱ्याकडून नर्मदेचा आवाज आला. चढा, खणखणीत, न थांबणारा. मध्ये जावेचा आवाज उठायचा आणि लगेच बुडायचा. शब्द काही माझ्यापर्यंत पोचत नव्हते.

मी रेश्माला विचारलं, "कुणावर ओरडतेय? माझ्यावर का जावेवर?"

रेश्मा कान देऊन ऐकत होती. तिच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू आलं.

"दोगांवर," ती म्हणाली. "ओरडू द्या. आवाज किती मोटा हाय आयचा! मला म्हाईतच नव्हतं."